सारंगमामा, बुडालेली जहाजं आणि गोव्यातले चार दिवस

दिवस पहिला : करमळी ते बेती

गोव्याला जाणारे बहुतेक लोक थिवीला नाहीतर मडगावला उतरतात. करमळीला उतरतात ते माझ्यासारखे, ज्यांना कुणाच्या तरी घरी जायचं असतं. रत्नागिरीहून मांडवी एक्सप्रेसने संध्याकाळी पोचले, तेव्हा स्टेशनाला लागून असलेलं तळं अजून उजेडात होतं. जानेवारीत त्या तळ्यात पाण्यापेक्षा पाखरंच जास्त दिसतात. काठावर दोघे दुर्बीणवाले उभे होते आणि अडई बदकांचा थवा शिट्ट्या मारत उठत होता. गोड्या पाण्याचं तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एवढंच येतं. म्हशी उतरतील, कमळं फुलतील, फार तर मयेच्या तळ्यासारख्या पायडलच्या बोटी फिरतील. त्यात जहाज बुडेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

माझ्याही आलं नव्हतं, गेल्या मे महिन्यापर्यंत. अथर्व, माझा मुलगा, अमेरिकेत मिशिगनच्या उत्तर टोकाला होटन नावाच्या गावी शिकतो. त्याच्याकडे गेले होते तेव्हा तो मला गाडीने व्हाइटफिश पॉइंटला घेऊन गेला. समोर सुपिरियर सरोवर. मी त्याला ‘समुद्र’ म्हणत राहिले आणि तो दर वेळी ‘आई, तळं आहे’ म्हणत राहिला. या तळ्याचं क्षेत्रफळ ८२,००० चौरस किलोमीटरच्या वर. गोव्यासारखी बावीस राज्यं त्यात मावतील. सर्वात खोल जागी ४०६ मीटर. ओंजळीत पाणी घेऊन चाखलं तर गोड, आणि इतकं गार की दात कळवळले.

तिथल्या संग्रहालयात एक घंटा आहे. ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ या जहाजाची. ९ नोव्हेंबर १९७५ ला ते सुमारे २६,००० टन लोहखनिजाच्या गोळ्या भरून विस्कॉन्सिनच्या सुपिरियर बंदरातून निघालं आणि १० तारखेला संध्याकाळी वादळात गेलं. मागून येणाऱ्या जहाजाने रेडिओवर चौकशी केली, तेव्हा कप्तानाचं उत्तर होतं, ‘आम्ही तग धरून आहोत.’ थोड्याच वेळात ते रडारवरून नाहीसं झालं. २९ माणसं होती. एकही वाचला नाही, एकाचंही प्रेत हाती लागलं नाही. १९९५ च्या जुलैत पाणबुड्यांनी घंटा वर आणली आणि तिच्या जागी २९ नावं कोरलेली दुसरी घंटा खाली ठेवली.

मी घंटेसमोर उभी होते आणि मनात सारखे मामा येत होते. माझ्या मामांनी तेहतीस वर्षं हेच काम केलं. लोहखनिज वाहिलं. मांडवीच्या काठावरच्या जेट्यांवरून भरायचं, मुरगावला मोठ्या जहाजापाशी नेऊन रिकामं करायचं, परत यायचं. बार्जवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटीवर, खलाशी म्हणून लागले, सारंग म्हणजे तिचे कप्तान होऊन निवृत्त झाले. घंटेचा फोटो त्यांना पाठवला तर उत्तर आलं, ‘इथे ये. आमच्याकडची बुडालेली दाखवतो.’ या चार दिवसांचं निमित्त हे एवढंच.

पणजीहून फेरीबोटीने बेतीला. चालत येणाऱ्याला तिकीट नाही, हे अजूनही बरं वाटतं. मामा धक्क्यावर उभे. वय बहात्तर, पायात स्लिपर, नजर माझ्यावर नाही तर फेरी कशी लागते त्यावर. (मामांची बोली पेडण्याची. मी इथे ती बरीचशी माझ्या मराठीत लिहिते आहे, नाहीतर मामीच हसेल.)

मामीने शिनाण्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. जेवताना मी तळ्याच्या थंड पाण्याचा महिमा सांगितला. मिशिगन सरोवरात १९१२ साली एक शिडाचं जहाज नाताळची झाडं घेऊन बुडालं, ‘राउझ सिमन्स’ नावाचं. १९७१ मध्ये ते सापडलं तेव्हा आत झाडं रचलेली होतीच, काहींच्या फांद्यांना पानंसुद्धा होती. एकोणसाठ वर्षांनी! मामी म्हणाली, “आमच्याकडे कोथिंबीर चार दिवस राहत नाही.”

मग मी सांगितलं की तिथेही आता शिनाणेच शत्रू झालेत. काळ्या समुद्राकडचे नखाएवढे शिंपले जहाजांच्या तळातल्या पाण्यातून, बॅलास्टमधून, १९८० च्या दशकाच्या शेवटी त्या तळ्यांत पोचले. आता ते बुडालेल्या जहाजांवर थरावर थर चढतात आणि त्यांच्या वजनाने जुन्या फळ्या तुटतात. सुपिरियरच्या पाण्यात चुना फार कमी, म्हणून त्याला अजून त्यांचा फारसा त्रास नाही. बाकीच्या सरोवरांतली जहाजं मात्र केसाळ गोधडी पांघरल्यासारखी दिसतात.

“मग काढून खात का नाहीत?” मामांचा प्रश्न.

पाण्यातली सगळी घाण ते पोटात साठवतात, खाता येत नाहीत, म्हटलं. मामांनी मान हलवली आणि ताटातला शेवटचा शिनाणा उचलला.

दिवस दुसरा : ग्रँड आयलंड आणि मामीच्या तुळशीमागचं कौल

पहाटे उठून बायण्याला. तिथून मामांच्या ओळखीच्या माणसाच्या होडीने ग्रँड आयलंडकडे. बाकीच्या होड्यांत पर्यटक, नारिंगी जाकिटं, मोठ्याने गाणी. आमच्या होडीत मी, मामा, होडीवाला आणि मामीने दिलेला उकड्या तांदळाच्या पेजेचा डबा.

पाणबुडी मारणारे इथे एका लोखंडी सांगाड्यावर उतरतात. त्याला ‘सुझीज रेक’ म्हणतात आणि तो कशाचा, याची गोष्ट दर होडीवर नवी मिळते. मी त्या भानगडीत पडले नाही. मला हव्या होत्या दुसऱ्या दोन-तीन जागा, ज्यांवर दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी खाली उतरून काम केलं आहे.

पहिली सुंची रीफ. मुरगाव उपसागराच्या तोंडाशी, पाण्याखाली दडलेला खडक. वरून काहीच दिसत नाही. होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. आजूबाजूला पाणी गुळगुळीत होतं आणि एका पट्ट्यात मात्र उगाच फेस फुटत होता, दुधाला उकळी यायच्या आधी कडेला येतात तसे बुडबुडे. खोली पाच-सहा मीटर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एक पोर्तुगीज जहाज इथे आपटलं. संशोधकांना सापडलं काय? हत्तीचे सुळे. पाणघोड्याचे दात. तोफा. मिंग काळातल्या चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे. मार्ताबानच्या मोठ्या रांजणांची खापरं. घडवलेले दगड. आफ्रिकेचा हत्ती, चीनची बशी आणि ब्रह्मदेशाचा रांजण एका खडकापाशी एकत्र पडलेले. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलमध्ये निघायची आणि आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या आसपास गोव्याला लागायची. सहा महिने समुद्रात काढून दारातच फुटायचं, हे कुणाच्या वाट्याला येऊ नये.

“जहाज कुठाय पण?” मामांनी विचारलं. “फळ्या, तुळया?”

तोच तर मुद्दा आहे. सुपिरियरच्या तळाशी पाणी वर्षभर साधारण चार अंशांच्या आसपास, मीठ नाही, उजेड नाही. लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात जगत नाही. म्हणून तिथे आख्खी जहाजं उभी असतात, डोलकाठीसकट. आपल्याकडे पाणी कोमट, खारट, आणि त्यात हा किडा. दिसायला अळीसारखा, पण जात शिंपल्याची. तोंडाशी दोन बारीक शिंपा असतात, त्यांनी तो लाकूड किसत आत शिरतो आणि आतून फळीची चाळण करतो. बाहेरून फळी साबूत दिसते, दाबली की बोट आत.

हे मी मामांना शिकवत होते. होडीवाला ऐकून घेत होता. मग त्याने होडीच्या काठावर हात फिरवून दाखवला. त्याच्या वडिलांची लाकडी होडी होती, तिला दरवर्षी पावसाआधी वर ओढून काजूच्या टरफलाचं तेल पाजायचे, काळंभोर, हाताला लागलं तर कातडी सोलते असलं. “ते नाही पाजलं तर दोन पावसात होडी गेली,” तो म्हणाला. त्याची स्वतःची होडी फायबरची. तेल नाही, किडा नाही. मामा म्हणाले, “आणि वासही नाही,” पण ते तक्रारीच्या सुरात.

दुसरी जागा अमी शोल्स. तिथे वाफेवर चालणारं जहाज गेलं, एकोणिसाव्या शतकातलं. बॉयलर, इंजिनाचे भाग आणि भट्टीला लावायच्या विटा तिथे मिळाल्या. लोखंड आणि भाजलेली माती. किड्याला जे पचलं नाही ते.

तिसरी सेंट जॉर्ज रीफ, आणि तिच्यापाशी मी अडकले. इथल्या जहाजात मालच भाजक्या मातीचा होता. छपराची कौलं, कोने, धुराड्याच्या विटा आणि घरापुढच्या खांबांवर बसवायची नक्षीदार मातीची शीर्षं, पानापानांची, ग्रीक-रोमन घाटाची. कौलांवर शिक्का होता बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. म्हणजे मंगळूर. स्विस-जर्मन मिशनऱ्यांनी तिथे कौलांचा कारखाना काढला आणि मंगलोरी कौल पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी चढलं. आमच्या रत्नागिरीच्या घरावरही तेच होतं, स्लॅब पडेपर्यंत. गोव्यातल्या कुणाच्या तरी नव्या घराचं छप्पर समुद्राच्या तळाशी जाऊन बसलं.

“१८६५ ला बुडालं तर,” मी म्हटलं.

“नाही गो,” मामा म्हणाले. “शिक्क्यावरचा साल कारखान्याचा. आमच्याकडे पण तोच आहे.”

“आमच्याकडे म्हणजे?”

दुपारी घरी परतल्यावर मामांनी मला मागच्या अंगणात नेलं. तुळशीवृंदावनाच्या मागे, नळाखालचं पाणी मातीवर थेट पडू नये म्हणून, एक कौल पालथं टाकलं होतं. मी ते उचललं. शेवाळ, एक गोगलगाय, गांडुळाची माती. उलटं केलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. अक्षरं उठावाची, थोडी झिजलेली. बासेल, मग मिशन, मग खाली १८६५. मध्यावरून बारीक तडा गेलेला. मामांच्या आजोबांनी पेडण्याचं घर बांधलं तेव्हाचं, म्हणजे १८६५ नंतर निदान साठ-सत्तर वर्षांचं. शिक्क्यावर स्थापनेचं साल तसंच छापत राहायचे. तेव्हा समुद्रातलं जहाज १८६५ नंतर कधीतरी गेलं एवढं नक्की. माझ्या वाचनातून जे निघालं नसतं ते तुळशीमागून निघालं.

मामी आतून ओरडली, “ते जाग्यावर ठेवा, चिखल होतो.”

दिवस तिसरा : गोवा वेल्हा, बांबोळी, दोना पावला

आज मामांच्या भाच्याची गाडी. (म्हणजे दुसऱ्या बहिणीचा मुलगा. माझा मावसभाऊ, पण मामांच्या तोंडी तो ‘भाचा’ आणि मी ‘आमची’.)

गोवा वेल्हा आणि ओल्ड गोवा या दोन वेगळ्या जागा आहेत, हे बाहेरच्यांना सांगून सांगून गोव्याचे लोक थकलेत. जुवारीच्या काठाचं गोवा वेल्हा ते गोपकपट्टण, कदंबांचं बंदर. आगशीच्या बाजूला किनाऱ्याने चिऱ्यांच्या जुन्या बांधाचे अवशेष आहेत. ओहोटी असेल तर दिसतात. आम्ही पोचलो तेव्हा भरती. मी चडफडले. मामा म्हणाले, “भरती-ओहोटी तुला विचारून येणार?” चूक माझीच, वेळ बघायला हवी होती.

तरी तिथे उभं राहून एक गोष्ट आठवण्यासारखी आहे. कदंब राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला आणि वाटेत डोलकाठी मोडली. जहाज कसंबसं गोव्याच्या बंदराला लागलं, आणि एका अरब व्यापाऱ्याने राजाला मदत केली. पुढे जयकेशी पहिला गादीवर आला, त्याने त्या व्यापाऱ्याच्या नातवाला अधिकारपद दिलं, मशीद बांधू दिली, आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर बसवायची परवानगी दिली. १०५३ च्या ताम्रपटात हे आहे. जहाज बुडता बुडता राहिलं म्हणून लिहिलं गेलेलं गोव्यातलं हे बहुधा सगळ्यात सुंदर कागदपत्र. पुरतं बुडालं असतं तर कोण लिहिणार होतं?

बांबोळीला किनाऱ्यावर दहा मिनिटंच थांबलो. १८ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज युद्धनौका ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ हिची भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’शी गाठ पडली. १९३० च्या दशकातली जुनी बोट, समोर नव्या फ्रिगेट. गोळे लागून आग लागली, कप्तान जखमी झाला, आणि तिला या किनाऱ्यावर चढवून माणसं उतरली. नंतर ती मुंबईला ओढून नेली आणि भंगारात गेली. आज इथे माडाची सावली आणि कुत्र्याची दोन पिल्लं. मामा तेव्हा सात-आठ वर्षांचे, पेडण्यात. त्यांना आवाज आठवतो तो विमानांचा, तोफांचा नाही.

दोना पावल्याच्या जेटीवर नेहमीची गर्दी. टोप्या, शंखांच्या माळा, फोटो काढून देणारे. आम्ही सगळ्यांना पाठ करून समोर बघत राहिलो, कारण खाडीपलीकडे मुरगाव बंदर दिसतं आणि मामांचं उभं आयुष्य तिथे गेलं. बंदराची गोष्ट मी वाचून आले होते.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. १९३९ मध्ये ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ ही तीन जर्मन मालवाहू जहाजं आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज मुरगावात आसऱ्याला येऊन पडली. ब्रिटिशांचा संशय होता की ‘एरेनफेल्स’वरच्या रेडिओतून हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्यांना आपल्या जहाजांच्या खबरा जातात. तटस्थ बंदरात लष्कर पाठवता येत नाही. मग कलकत्त्याच्या राखीव घोडदळातली, पोट सुटलेली, दिवसा कचेऱ्यांत बसणारी माणसं निवडली. त्यांनी ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘एरेनफेल्स’वर चढाई केली. झटापटीत जर्मन कप्तान मारला गेला. खलाशांनी तळाचे व्हॉल्व्ह उघडून जहाज बुडवलं. ज्वाळा बघून बाकीच्या तीन जहाजांनीही तेच केलं. एका रात्रीत चार जहाजं. ही हकिकत १९७८ पर्यंत बाहेर आली नाही.

“आले कशातून?” मामा.

इथे मी जरा थांबले, कारण हेच सांगायची मी वाट बघत होते. “बार्जमधून.”

“बार्ज?”

“‘फीबी’ नावाची. नदीतला गाळ वाहणारी, तळ उघडून माल सोडतात ना, तसली. हुगळीतली. कलकत्त्याहून सगळा देश वळसा घालून इथे आणली.”

मामा बराच वेळ गप्प. मग त्यांनी मावसभावाला सांगितलं, “बघ, बार्ज.” आणि पुढे पाच मिनिटं, तळ उघडणारी बार्ज उघड्या समुद्रात कशी डोलते, पोटात माल नसला की कशी बाटलीसारखी नाचते, श्रीलंकेला वळसा घालताना त्या लोकांच्या पोटात काय उरलं असेल, याचं वर्णन. चढाईचं शौर्य त्यांना काही खास वाटलं नाही. तिथवर पोचणं वाटलं.

परतताना एका कार्यालयात जुन्या अवशेषांची छायाचित्रं बघायला मिळतील म्हणून गेलो. आधी अर्ज हवा होता. रखवालदाराने आमच्याकडे असं पाहिलं जणू आम्ही सुळे विकायला आणलेत. असो.

दिवस चौथा : आग्वाद, कांदोळी आणि एक व्हिडिओ कॉल

आग्वाद हे नावच पाण्यावरून पडलं, पोर्तुगीजमध्ये पाणी भरायची जागा. १६१२ चा किल्ला. आत खांबांवर पेललेला प्रचंड हौद, सुमारे २४ लाख गॅलन गोडं पाणी मावेल असा. लांबून आलेली जहाजं आधी इथे पाणी भरून घ्यायची. खाऱ्या पाण्यातून सहा महिने आलेल्या माणसाला या हौदाचं काय वाटत असेल? मला मात्र त्या क्षणी सुपिरियर आठवलं. तिथल्या खलाशाला पाणी भरायची कटकटच नाही, बादली सोडायची. तरी बुडतो माणूस तसाच.

१८६४ च्या जुन्या दीपगृहापाशी मामांनी मला नदीचं तोंड दाखवलं. पावसाळ्यात इथे वाळूचा दांडा चढतो आणि मांडवीचं तोंड बंद. मुरगाव मात्र बारमाही. म्हणून पावसात बार्ज मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरायच्या आणि जुवारीतून मुरगावला उतरायच्या. अरुंद वाट, दोन्ही काठांना खारफुटी आणि मगरी. “मगरीला आम्ही हॉर्न देत होतो,” मामा म्हणाले, आणि ते खरं की थट्टा हे मला आजही ठरवता येत नाही.

पण मुख्य गोष्ट पुढे आली. एका मे महिन्याच्या शेवटी, दांडा चढायला लागला होता आणि मालकाला शेवटची फेरी हवी होती. माल भरला तो वळवाच्या पावसात भिजलेला. वर ताडपत्री टाकली, पण दोरी सगळीकडे आवळली नव्हती, घाई. या तोंडाशी आडवी लाट आली आणि ताडपत्री एका कोपऱ्यातून उठली. “पाणी आत जातं ते दिसत नाही,” मामा म्हणाले. “माल तेवढा चमकायला लागतो. मग माल हलतो. चिखल बघितलास ना, पायाने थोपटला की पातळ होतो? तसा.” बार्ज एका कुशीवर झुकली. त्यांनी तोंड फिरवलं आणि शिकेरीच्या बाजूला उथळ वाळूत टेकवली. सगळे उतरले. मालक कोण ते मामांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फेरीचे पैसे कापले होते, एवढं मामीने नंतर सांगितलं.

ही काही फक्त बार्जची गोष्ट नाही. ओलं बारीक खनिज हलून हलून पातळ होतं आणि चांगलं मोठं जहाज कलंडतं. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि मग पारादीपपाशी ‘ब्लॅक रोझ’, दोन्ही लोहखनिजाची भुकटी घेऊन जाणारी, दोन महिन्यांच्या आत बुडाली.

तिथून कांदोळी. ६ जून २००० ला पावसाळी वादळात ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज इथल्या वाळूत येऊन रुतलं. बारा वर्षं ते तिथेच. मी कॉलेजच्या पोरांना घेऊन आले होते तेव्हा आम्ही त्याच्यासमोर गाणी म्हटली होती, गंजाचा डोंगर पाठीशी घेऊन. कापून काढेपर्यंत २०१२ उजाडलं. आज तिथे काहीच नाही. मी किनाऱ्यावर उभी राहून जागा शोधत होते, तर शहाळेवाल्याने कोयत्याने दिशा दाखवली. “ती छत्री दिसते ना, तिच्या सरळ.” त्याच २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा बंद. जहाज गेलं आणि बार्जही काठाला लागल्या. मामा २०१२ लाच घरी बसले.

संध्याकाळी बेतीच्या धक्क्यावर दोघं बसलो होतो. एक बार्ज वर चालली होती, रिकामी, उंच. मामांनी तिच्या पाण्याच्या रेषेकडे बघून मान हलवली. नाव वाचलं नाही.

रात्री नऊला अथर्वचा कॉल. तिकडे सकाळचे साडेदहा, खिडकीबाहेर सगळं पांढरं. मामांनी चष्मा लावला, मोबाईल भिंतीला टेकवला आणि तब्येतीची चौकशी, परीक्षेची चौकशी, जेवणाची चौकशी बाजूला ठेवून थेट विचारलं, “ते खनिज कुणी काढलं नाही?”

“नाही आजोबा. फिट्झजेराल्ड १६० मीटर खाली आहे. जहाजाचे दोन तुकडे झालेत. कॅनडाच्या हद्दीत येतं, आणि ती कबर मानतात. परवानगीशिवाय कुणी उतरू शकत नाही.”

“माल ओला होता?”

“गोळ्या होत्या, भाजलेल्या. त्या तशा पातळ होत नाहीत.”

“मग पाणी गेलं कुठून?”

अथर्वने सांगितलं की यावर पन्नास वर्षं भांडण चालू आहे. तटरक्षक दलाच्या चौकशीत आलं की डेकवरच्या हॅचची, म्हणजे माल भरायच्या तोंडांची, झाकणं नीट बंद नव्हती, तिथून पाणी शिरत राहिलं. जहाजवाल्यांच्या संघटनेचं म्हणणं, वाटेत उथळ खडकाला तळ घासला. लाटा प्रचंड होत्या याबद्दल कुणाचं दुमत नाही.

“हॅच किती?”

“एकवीस.”

“एकेकाला क्लॅम्प किती?”

तिकडे थोडा वेळ टकटक ऐकू आली. “अडुसष्ट.”

मामा हिशेब करायला लागले. बोटांवर नाही, ओठांतल्या ओठांत, मालाची टनं मोजायचे तसा. मामी दारात येऊन उभी राहिली. अथर्वला वाटलं कॉल अडकला, त्याने दोनदा ‘आजोबा?’ केलं.

“चौदाशे अठ्ठावीस,” मामा म्हणाले. मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, “नोव्हेंबरात, तिकडच्या थंडीत. हातमोजे घालून आवळता येतात काय रे ते?”